मणिबेलीचा जाहीरनामा आणि मणिबेली

१९९४ साली जागतिक बँकेच्या स्थापनेला पन्नास वर्षे झाली. त्या वर्षीच्या जून महिन्यात ४४ देशांतील ३२६ संघटनांनी आणि संघटनांच्या आघाड्यांनी मिळून एक जाहीरनामा प्रसृत केला. मोठ्या धरणांना बँकेने यापुढे पैसा देऊ नये, आजवर दिलेल्या पैशातून काय साधले याची स्वतंत्र तपासणी व्हावी, विस्थापितांना भरपाई मिळावी, अशा त्यातील मागण्या होत्या. विकासविषयक इंग्रजी लेखनात हा दस्तऐवज 'मणिबेलीचा जाहीरनामा' या नावाने ओळखला जातो. मणिबेली हे नर्मदेच्या दक्षिण काठावरील, अक्कलकुवा तालुक्यातील आदिवासी गाव. तेव्हा ते धुळे जिल्ह्यात होते. १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे. सरदार सरोवराच्या भिंतीपासून नदीच्या वरच्या अंगाला निघाले की महाराष्ट्रातले पहिले गाव हेच. जाहीरनामा निघाला त्याच्या आदल्या पावसाळ्यात, १९९३ साली, धरणाचे पाणी या गावात शिरले आणि घरे गेली.

एका गावाचे नाव जगभर जाते आणि त्याच सुमारास ते गाव पाण्याखाली जाते, ही केवळ दैवाची विसंगती म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. आंतरराष्ट्रीय विकास-सहकार्याच्या व्यवहारात नागरी संघटनांनी नेमके काय केले, त्यातून कोणाला काय मिळाले आणि कोणाचे काय राहून गेले, हे सगळे या एका उदाहरणात पाहता येते. प्रस्तुत लेखात तो इतिहास थोडक्यात मांडून त्यातील शब्दांच्या व्यवहाराकडे लक्ष वेधायचे आहे. साहित्याच्या अभ्यासकाला या विषयात शिरायला तीच वाट सोयीची आहे.

नागरी, संस्था, संघटना

'विकास-सहकार्य' ही कल्पना दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाली. श्रीमंत राष्ट्रांनी, आणि प्रामुख्याने त्यांच्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या वित्तसंस्थांनी, गरीब राष्ट्रांना कर्ज, अनुदान आणि तज्ज्ञ पुरवावेत, अशी ही व्यवस्था. तिच्यात पक्ष दोनच असतात : देणारा आणि घेणारे सरकार. ज्यांच्या जमिनीवर प्रकल्प उभा राहतो ती माणसे करारावर सही करत नाहीत. करारात ती असलीच तर संख्येच्या रूपाने असतात. हा तिसरा पक्ष व्यवहारात आणण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते त्यांना इंग्रजीत 'सिव्हिल सोसायटी' म्हणतात आणि आपण त्याचे भाषांतर 'नागरी समाज' असे करतो.

हे भाषांतर जिभेवर अडखळते. 'नागर' या शब्दामागे नगर आहे, नागरपण आहे, आणि सातपुड्याच्या उतारावर डोंगरशेती करणाऱ्या भिलांना त्या नागरपणाच्या बाहेर ठेवूनच आपल्या भाषेने आजवर त्यांच्याविषयी बोलणे केले आहे. त्या मानाने मराठी सार्वजनिक जीवनात घडलेले शब्द अधिक नेमके आहेत. 'संस्था' नोंदणीकृत असते. तिला कार्यालय, हिशेब आणि देणगीदार असतात. 'संघटना' सभासदांच्या बळावर उभी राहते. 'आंदोलन' एखाद्या मागणीभोवती उभे राहते आणि त्याचा जीव त्या मागणीइतकाच असतो. आंतरराष्ट्रीय कागदपत्रांत या तिघांना एकाच खणात टाकले जाते. नर्मदेच्या प्रकरणात तिन्ही होते, आणि त्यांचे परस्परांशी नेहमीच पटले असे नाही. तो बेबनाव समजून घेतल्याशिवाय हा इतिहास कळत नाही.

शूलपाणीच्या झाडीतली माणसे

मराठी वाचकाला हा प्रदेश धरणाच्या आधीपासून माहीत आहे, तो परिक्रमेमुळे. गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'ने नर्मदेची वाट मराठी कादंबरीत आणली. परिक्रमेच्या कथनपरंपरेत शूलपाणीची झाडी हा अवघड टप्पा मानला जातो. तेथील भिल्ल यात्रेकरूंना लुटतात आणि अंगावरच्या वस्त्रासह सारे काही काढून घेतात. ही मैयाने घेतलेली परीक्षाच होय, अशी श्रद्धा त्या कथनांत आढळते. थोडक्यात, या काठावरच्या माणसाला आपल्या साहित्यात प्रथम जे रूप मिळाले ते लुटारूचे. त्याची शेती, त्याची भाषा, त्याचा जमिनीशी असलेला संबंध यांविषयी यात्रेकरूला कुतूहल असण्याचे कारण नव्हते.

शासनाच्या दप्तरात त्याला दुसरे रूप मिळाले. नर्मदेच्या पाण्यावरून राज्यांमध्ये असलेला वाद मिटवण्यासाठी १९६९ साली लवाद नेमला गेला आणि डिसेंबर १९७९ मध्ये त्याचा निवाडा आला. धरणाची उंची ४५५ फूट, म्हणजे १३८.६८ मीटर, ठरली. महाराष्ट्रातील ३३ गावे बुडितात येणार होती. मध्य प्रदेशातील गावे याहून कितीतरी अधिक होती. पुनर्वसनाच्या बाबतीत हा निवाडा त्या काळाच्या मानाने उदार होता. एक चतुर्थांशाहून अधिक जमीन गमावणाऱ्या कुटुंबाला जमिनीच्या बदल्यात जमीन, आणि तीही किमान दोन हेक्टर, द्यावी असे त्यात म्हटले होते. देशातील पूर्वीच्या धरणांत रोख रकमेवर बोळवण होत असे. पुणे जिल्ह्यातील मुळशीच्या खोऱ्यात १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली झालेला सत्याग्रह आठवला तर हा फरक लक्षात येतो. मुळशीच्या मावळ्यांमागे पुण्यातली वृत्तपत्रे आणि पुढारी होते. त्यापलीकडे दाद मागायला जागा नव्हती.

परंतु लवादाची जमीन मिळणार होती ती कागदावर नाव असलेल्या खातेदाराला. सातपुड्यात पिढ्यान् पिढ्या कसलेली कित्येक शेते वनखात्याच्या हद्दीत होती. त्यांचा सातबारा नव्हता. ती कसणारा माणूस दप्तरात 'अतिक्रमक' होता, आणि अतिक्रमकाला भरपाई कसली? जंगल राखीव करण्याचे फर्मान निघण्याआधीपासून जो तिथे राहतो त्याने अतिक्रमण केले कोणावर, हा प्रश्न दप्तराला पडत नाही. पुढची सारी लढाई या एका शब्दावर होणार होती.

मांगरोळ, ऑक्सफर्ड, वॉशिंग्टन

१९८५ साली जागतिक बँकेने सरदार सरोवरासाठी ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. बँकेने १९८० साली सक्तीच्या पुनर्वसनाविषयी आणि १९८२ साली आदिवासींविषयी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी धोरणे आखली होती. धरणामुळे उठवलेल्या माणसांचे राहणीमान पूर्वीपेक्षा खालावू नये, हा त्यांचा आशय. ही धोरणे वॉशिंग्टनमध्ये होती आणि ज्यांच्यासाठी होती ती माणसे नर्मदेच्या काठी होती. दोहोंना एकमेकांची वार्ता नव्हती.

ती वार्ता पोचवण्याचे काम प्रथम एका छोट्या गटाने केले. गुजरातमधील मांगरोळ येथे आरोग्याचे काम करणाऱ्या 'आर्च-वाहिनी' या संस्थेने ऐंशीच्या दशकाच्या आरंभी बुडितातल्या गुजराती गावांचा प्रश्न हाती घेतला. तिला ब्रिटनमधील 'ऑक्सफॅम'ची साथ मिळाली. ऑक्सफॅम ही १९४२ साली, नाझींच्या ताब्यातील ग्रीसमधल्या उपासमारीवर उपाय म्हणून ऑक्सफर्डमध्ये सुरू झालेली संस्था. दुष्काळात धान्य पाठवणारी ही संस्था चार दशकांनी बँकेला तिचेच धोरण वाचून दाखवू लागली, हा बदल महत्त्वाचा आहे. कर्ज मंजूर होण्यापूर्वी, १९८३ साली, बँकेने थेयर स्कडर या मानववंशशास्त्रज्ञाला पाहणीसाठी पाठवले. आफ्रिकेतील करिबा धरणाने उठवलेल्या लोकांचा त्यांनी दीर्घकाळ अभ्यास केला होता.

आता या दबावाचा मार्ग पाहा. बुडितातल्या गावातली तक्रार मांगरोळला येई, तेथून ऑक्सफर्डला जाई, ऑक्सफर्डहून वॉशिंग्टनला, आणि तेथून दिल्लीमार्गे गांधीनगरला परत येई. गावापासून गांधीनगर काही तासांच्या अंतरावर. पण तक्रारीला अर्ध्या जगाची परिक्रमा केल्यावाचून तिथे प्रवेश मिळाला नाही. तथापि या परिक्रमेला फळ आले. डिसेंबर १९८७ मध्ये गुजरात शासनाने नवे धोरण जाहीर केले. भूमिहीन, तथाकथित अतिक्रमक आणि खातेदारांची सज्ञान मुले यांनाही प्रत्येकी दोन हेक्टर जमीन देण्याचे त्यात मान्य झाले. दप्तरातला 'अतिक्रमक' जमिनीचा हक्कदार झाला, निदान गुजरातच्या कागदावर तरी. आर्च-वाहिनीच्या लेखी हा विजय होता, आणि त्यानंतर अंमलबजावणीवर लक्ष ठेवायचे, धरणाला विरोध करायचा नाही, अशी भूमिका तिने घेतली.

फेरकुवा

महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशात गोष्टी वेगळ्या दिशेने गेल्या. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून आलेल्या मेधा पाटकर यांनी ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर अक्कलकुवा-धडगाव भागातील गावे पायी पालथी घातली. १९८६ साली 'नर्मदा धरणग्रस्त समिती' स्थापन झाली. तिचा आरंभ प्रश्न विचारण्यातून झाला : कोणती गावे बुडणार, केव्हा, जमीन कुठे देणार, ती कोणी पाहिली आहे? उत्तरे मिळेनात. १९८८ साली या समितीने आणि मध्य प्रदेशातील तिच्या सहकारी संघटनांनी धरणालाच विरोध जाहीर केला. त्यातून 'नर्मदा बचाओ आंदोलन' उभे राहिले.

येथे फाटा फुटला. आर्च-वाहिनीचे म्हणणे असे की, आदिवासींना देशातल्या कोणत्याही धरणात मिळाले नाही इतके देणारे धोरण हाती आले असताना ते नाकारणे म्हणजे त्यांच्या ताटातला घास काढून घेणे होय. आंदोलनाचे म्हणणे असे की, एवढ्या माणसांना देण्याइतकी जमीनच नाही. धोरण ही कागदी आश्वासनांची भर आहे. आणि ज्या विकासासाठी हे चालले आहे त्याचा लाभ कोणाला व मोल कोणाच्या पदरी हा मूळ प्रश्न टाळता येत नाही. दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे होती आणि दोन्ही बाजू विस्थापितांच्या वतीने बोलत होत्या. 'नागरी समाज' हा एकवचनी शब्द वापरला की हा पेच दिसेनासा होतो.

आंदोलनाने आंतरराष्ट्रीय वाट चोखाळली ती वेगळ्या रीतीने. अमेरिकेतील 'एन्व्हायर्न्मेंटल डिफेन्स फंड' या संस्थेच्या साहाय्याने ऑक्टोबर १९८९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या एका उपसमितीपुढे सुनावणी झाली आणि मेधा पाटकर यांनी तेथे साक्ष दिली. बँकेच्या भांडवलात अमेरिकेचा वाटा सर्वांत मोठा असल्याने त्या सभागृहात विचारलेला प्रश्न बँकेला टाळता येण्यासारखा नव्हता. १९९० साली जपानमधील 'फ्रेंड्स ऑफ द अर्थ' या संघटनेने टोकियोत परिसंवाद घेतला. त्यानंतर जपान सरकारने या प्रकल्पाच्या जनित्रांसाठी द्यावयाची मदत थांबवली. त्याच वर्षी बाबा आमटे आनंदवन सोडून नर्मदाकाठी कसरावदला राहायला गेले होते.

२५ डिसेंबर १९९० रोजी बडवानीजवळच्या राजघाटावरून हजारो लोक धरणाच्या दिशेने पायी निघाले. गुजरातच्या सीमेवर फेरकुवा येथे त्यांना अडवण्यात आले. सीमेच्या पलीकडे धरणाच्या समर्थकांचा जमाव होता. सौराष्ट्र-कच्छमधील पाण्याची टंचाई हे त्यांचे दुःख होते, आणि ते खोटे नव्हते. जानेवारीच्या थंडीत सुमारे तीन आठवडे उपोषण चालले. सरकारने मागणी मान्य केली नाही. परंतु जूनमध्ये बँकेने स्वतंत्र समीक्षा समिती नेमल्याचे जाहीर केले. आपल्याच कर्जावरील प्रकल्पाची बाहेरच्या माणसांकडून तपासणी करून घेण्याची बँकेच्या इतिहासातील ही पहिली वेळ.

समीक्षेचा निष्कर्ष

समितीचे अध्यक्ष ब्रॅडफर्ड मोर्स हे पूर्वी अमेरिकी काँग्रेसचे सदस्य आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे प्रमुख होते. उपाध्यक्ष थॉमस बर्जर हे कॅनडातील विधिज्ञ. कॅनडाच्या उत्तरेतील मॅकेंझी खोऱ्यात वायुवाहिनी टाकावी की नाही याची चौकशी त्यांनी सत्तरच्या दशकात केली होती आणि त्यासाठी आदिवासींच्या वस्त्या-वस्त्यांवर जाऊन साक्षी नोंदवल्या होत्या. नर्मदेतही समिती गावोगाव फिरली. जून १९९२ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला.

अहवालाने काढलेल्या दोषांत तीन मुख्य होते. एक, किती माणसे विस्थापित होणार, ती कोण आणि कशी जगतात, याची मूलभूत माहिती गोळा न करताच कर्ज दिले गेले. दोन, पर्यावरणविषयक अभ्यास पूर्ण होण्याआधीच १९८७ साली सशर्त परवानगी दिली गेली आणि अटी पाळल्या गेल्या नाहीत. तीन, आदिवासींना 'अतिक्रमक' मानण्यामुळे त्यांचे पारंपरिक हक्क हिशेबातूनच वगळले गेले, आणि हे बँकेच्या स्वतःच्या धोरणाशी विसंगत होते. प्रचलित परिस्थितीत योग्य पुनर्वसन शक्य नाही, तेव्हा बँकेने मागे सरून साऱ्याचा नव्याने विचार करावा, असा त्याचा निष्कर्ष होता.

बँकेने तो लगेच मानला नाही. ऑक्टोबर १९९२ मध्ये अमेरिका, जर्मनी, जपान, कॅनडा यांसारख्या देशांच्या प्रतिनिधींचा विरोध असूनही कर्ज सुरू ठेवण्याचा निर्णय बहुमताने झाला. मात्र सहा महिन्यांत पुऱ्या करायच्या अटी घातल्या गेल्या. मुदत संपत आली तशी, ३० मार्च १९९३ रोजी, भारत सरकारनेच उरलेले सुमारे १७ कोटी डॉलर नको असल्याचे बँकेला कळवले.

पुढे बँकेत बदल घडले. सप्टेंबर १९९३ मध्ये 'इन्स्पेक्शन पॅनेल' स्थापन करण्याचा ठराव झाला. बँकेने स्वतःची धोरणे मोडल्यामुळे आपले नुकसान झाले असे वाटणाऱ्या लोकांना थेट तक्रार करता येईल, अशी ही व्यवस्था. प्रकल्पांची कागदपत्रे खुली करण्याचे धोरणही त्याच सुमारास आले. पॅनेलपुढची पहिली तक्रार नेपाळमधील अरुण-३ या जलविद्युत प्रकल्पाची होती आणि १९९५ साली बँकेने त्यातून अंग काढून घेतले. मणिबेलीच्या जाहीरनाम्यात मागितलेली सर्वंकष तपासणी १९९८ साली 'जागतिक धरण आयोगा'च्या रूपाने प्रत्यक्षात आली. दक्षिण आफ्रिकेचे मंत्री कादर अस्मल त्याचे अध्यक्ष होते आणि बारा सदस्यांत मेधा पाटकर होत्या. पुढे २००८ साली आक्रा येथे भरलेल्या मदतविषयक परिषदेत देणाऱ्या आणि घेणाऱ्या सरकारांनी नागरी संघटनांना विकासातील स्वतंत्र घटक म्हणून औपचारिक मान्यता दिली. फेरकुव्याच्या रस्त्यावर बसलेल्या माणसांनी ती मान्यता सतरा वर्षे आधीच मिळवली होती. कागद मागाहून आला.

बँक गेल्यानंतर

नागरी संघटनांच्या गौरवाचे लेखन सहसा येथे थांबते. मणिबेलीच्या बाजूने पाहिले तर गोष्ट येथे अधिक अवघड होते.

बँक गेली; धरण थांबले नाही. कर्ज परत केल्यावर पॅनेलचा उपयोग जगातल्या इतर विस्थापितांना झाला, नर्मदेच्या विस्थापितांना नाही. ज्या लढ्यातून ती व्यवस्था जन्मली त्याच लढ्याच्या कक्षेबाहेर ती पडली. वॉशिंग्टनला केलेल्या तक्रारीचे बळ कर्जाच्या हप्त्याइतकेच होते. हप्ता नाही तर तक्रारही नाही. राज्याने देशातल्या भांडवलबाजारात रोखे विकून पैसा उभा केला, आणि रोखे घेणाऱ्या मध्यमवर्गीय गुंतवणूकदाराला पुनर्वसनाचे धोरण नसते. अरुण-३ चेही असेच झाले. बँकेने सोडलेल्या त्या प्रकल्पाची पायाभरणी २०१८ साली झाली, ती एका भारतीय सार्वजनिक कंपनीच्या हातून.

१९९४ साली आंदोलन सर्वोच्च न्यायालयात गेले. काही वर्षे काम थांबले. १८ ऑक्टोबर २००० रोजी दोन विरुद्ध एक अशा बहुमताने न्यायालयाने बांधकामाला टप्प्याटप्प्याने परवानगी दिली. त्यानंतर महिनाभरात, नोव्हेंबरमध्ये, जागतिक धरण आयोगाचा अहवाल लंडनमध्ये प्रकाशित झाला. विस्थापितांची संमती, पर्यायांचा विचार अशी तत्त्वे त्यात होती. भारत सरकारने तो स्वीकारला नाही. बँकेनेही तो स्वतःवर बंधनकारक मानला नाही. १७ सप्टेंबर २०१७ रोजी पूर्ण उंचीचे धरण राष्ट्राला अर्पण झाले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाला, जमीन न मिळालेल्या कुटुंबांना दोन हेक्टरमागे साठ लाख रुपये द्यावेत, असा आदेश द्यावा लागला होता. निवाड्यानंतर अडतीस वर्षांनीही जमीन न मिळालेली कुटुंबे शिल्लक होती, एवढा अर्थ त्यातून निघतोच.

मग आर्च-वाहिनीचे खरे होते काय? बँक राहिली असती तर अंकुश राहिला असता, असा तर्क करता येतो. पण ज्या अहवालाने बँकेच्या अंकुशाचे स्वरूप उघड केले त्यानेच हेही दाखवले की, बँक असतानाही तो चालवलाच गेला नव्हता. उलट, आंदोलनाच्या विरोधाचे बळ मागे नसते तर महाराष्ट्रात १९९० साली तळोद्याची २,७०० हेक्टर वनजमीन पुनर्वसनासाठी मोकळी झाली असती असे मानणे कठीण आहे. संस्थेच्या वाटाघाटीला आंदोलनाचा धाक हवा होता आणि आंदोलनाने मिळवलेले पदरात पाडून घ्यायला संस्थेची चिकाटी हवी होती. दोघे एकमेकांना पूरक ठरू शकले असते. प्रत्यक्षात ते एकमेकांविरुद्ध साक्षी देत राहिले, आणि या फुटीचा लाभ विस्थापितांना झाला नाही.

परकी पैसा, परका शब्द

या काळात आंदोलनावर परकीयांचे हस्तक असल्याचा आरोप वारंवार झाला. धरणाला ४५ कोटी डॉलरचे परकी कर्ज चालते आणि त्या कर्जाची चौकशी मागणारा मात्र परका ठरतो, यातली विसंगती त्या वेळी अनेकांनी दाखवली होती. परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा १९७६ साली, आणीबाणीत, आला. २०१० साली तो नव्याने झाला आणि २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला परदेशी निधी देण्यास पूर्ण बंदी घातली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. हिशेब चोख असावा याविषयी दुमत नाही. परंतु या बंदीमुळे मोठी संस्था टिकते आणि तिच्यामार्फत चार पैसे मिळवून दूरच्या तालुक्यात काम करणारा लहान गट अडचणीत येतो. मांगरोळसारख्या ठिकाणचा आवाज बाहेर नेणारी साखळी अशाच लहान कड्यांची होती.

साखळीचा दुसरा प्रश्न भाषेचा आहे, आणि तो पैशाच्या प्रश्नाहून जुना आहे. मणिबेलीतला माणूस जे बोलला ते भिलोरीत. ते मराठी वा हिंदीत आले, मग इंग्रजीत, मग साक्षीच्या, अहवालाच्या, जाहीरनाम्याच्या भाषेत. दर टप्प्यावर काही शब्द गळाले. मराठीतला 'धरणग्रस्त' इंग्रजीत 'प्रकल्पबाधित व्यक्ती' झाला. 'ग्रस्त' या शब्दात ग्रहणाची, गिळले जाण्याची छाया आहे. 'बाधित' हा नोंदवहीचा शब्द आहे. 'गाव' हा जमीन, देव, जंगल, सोयरसंबंध यांचा गोफ. तो 'वसाहत' या शब्दात मावत नाही. शूलपाणेश्वराचे जुने मंदिर बुडाले आणि गोरा येथे नवे बांधले गेले. कागदावर त्याची नोंद 'स्थलांतर' अशी होते.

१९९२ हे वर्ष या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. मोर्स समितीचा अहवाल आला त्याच वर्षी विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती' या धरणग्रस्तांवरील कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. महसूल खात्यातील अधिकाऱ्याने लिहिलेली ही कादंबरी मराठी वर्गात शिकवली जाते. त्याच वर्षीचा तो अहवाल आपण अर्थशास्त्राच्या हवाली करून मोकळे होतो. १९९९ साली अरुंधती रॉय यांनी नर्मदेवर लिहिलेला इंग्रजी निबंध जगभर वाचला गेला. त्याचे मोल नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या लोकांविषयी तो होता त्यांच्या भाषेतले किती पोचले, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. त्या प्रश्नाकडे आंदोलनाने दुसऱ्या टोकाकडून पाहिले. १९९१-९२ च्या सुमारास चिमलखेडी आणि निमगव्हाण येथे पहिल्या जीवनशाळा निघाल्या आणि तेथे मुलांच्या बोलीतून शिकवणे सुरू झाले. वॉशिंग्टनला पोचण्यासाठी स्वतःचे शब्द सोडावे लागलेल्या गावांनी आपल्या मुलांसाठी ते शब्द पाठ्यपुस्तकात घातले.

आणि 'अतिक्रमक' या शब्दाचे काय झाले? २००६ साली संसदेने वनहक्कांचा कायदा केला. वनवासी जमातींवर झालेला ऐतिहासिक अन्याय त्याच्या उद्देशिकेत मान्य केला गेला आणि दप्तराबाहेर राहिलेल्या कसणुकीला हक्क म्हणून नोंदवण्याची तरतूद झाली. त्यामागे देशभरातल्या आदिवासी संघटनांची दीर्घ लढाई होती. तिथे ना कर्जाचा हप्ता होता ना वॉशिंग्टनची सुनावणी. पुढे गुजरातमध्ये त्या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी आर्च-वाहिनीने काम केले, हेही नमूद करायला हवे. विकास-सहकार्याच्या इतिहासात नागरी संघटनांचे यश बँकेत झालेल्या बदलांवरून मोजण्याची पद्धत आहे. ते मोजायला दुसरे एक माप आहे : ज्या शब्दामुळे माणसे हिशेबाबाहेर पडत होती तो शब्द बदलला का, कुठे बदलला, आणि बदलल्यानंतर सातबाऱ्यावर कोणाचे नाव चढले. तळोद्याच्या वसाहतींत आणि सातपुड्याच्या उतारावर ही मोजणी अजून पुरी झालेली नाही.